हानशिन टायगर्सचा जिंकणारा सीझन कसा बघायचा: मार्चपासून परेडपर्यंत

जपानचं बेसबॉल नव्यानं बघायला लागलेले बरेच जण सप्टेंबरमध्ये येतात, म्हणजे टीम टेबलवर वर आहे, आता काहीतरी होणार, चला बघू या. या की, नाही कोण म्हणतंय, पण माझं ठाम मत आहे की जिंकणारा सीझन एप्रिल-मे मधल्या साध्या मंगळवार-बुधवारच्या मॅचमध्ये घडतो आणि तो तिथेच बघायची सवय लागली तर सप्टेंबरची ती रात्र वेगळीच वाटते. खाली लिहितोय ते हानशिन टायगर्सबद्दल, कारण माझी टीम ती आहे. उदाहरणं जास्त करून 2023 ची आहेत, कारण शिकायला त्याच्याइतका चांगला सीझन दुसरा नाही.

आधी थोडं मागचं, कारण त्याशिवाय कोशिएनमध्ये, म्हणजे हानशिनच्या घरच्या ग्राउंडवर, लोक रडतात का ते कळणार नाही. टीम 1935 ची. जपान सीरिज म्हणजे दोन लीगमधून पुढे आलेल्या टीम्समधली फायनल, ती हानशिननं 2023 पर्यंत फक्त एकदा जिंकली होती, 1985 ला. त्या वर्षी रँडी बासनं 54 होमरन (क्रिकेटच्या सिक्ससारखा, बॉल कुंपणाबाहेर) मारले, आणि 17 एप्रिलला जायंट्सविरुद्ध बास, काकेफु आणि ओकादा असे तिघांनी लागोपाठ तीन होमरन मारले ते आजही लोक काल बघितल्यासारखे सांगतात. मग 2003 ला लीग जिंकली आणि सीरिज हरली, 2005 ला पण लीग जिंकली आणि सीरिज सरळ 4-0 नी हरली, आणि मग 18 वर्षं लीगसुद्धा नाही. दरवर्षी स्टेडियम भरलेलं आणि कपाट रिकामं. एवढं डोक्यात ठेवा, पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

सीझनचा सांगाडा

एकूण 12 टीम्स, सेंट्रल आणि पॅसिफिक अशा 6-6 च्या दोन लीग. हानशिन सेंट्रलमध्ये. प्रत्येक टीम 143 मॅच खेळते, मार्चच्या शेवटी सुरू होऊन ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, त्यातल्या 18 मॅच मे-जूनमध्ये दुसऱ्या लीगबरोबर. साधारणपणे सोमवारी सुट्टी, मग मंगळवार ते गुरुवार एका टीमबरोबर तीन मॅच, शुक्रवार ते रविवार दुसऱ्या टीमबरोबर तीन मॅच. आठवड्यातल्या मॅच बहुतेक संध्याकाळी 6 ला म्हणजे भारतात दुपारी अडीचला, वीकेंडच्या बऱ्याचशा दुपारी 2 ला म्हणजे भारतात सकाळी साडेदहाला. 12 इनिंगपर्यंत निकाल नाही लागला तर मॅच टाय, आणि टाय टेबलमध्ये तशीच राहते, याचं महत्त्व पुढे येईल.

पहिली सवय: तीन मॅचचा एक सेट म्हणून विचार करा. एक हरलो म्हणून हाय खायची नाही, तीनपैकी दोन घेतल्या की काम झालं. 2023 ला हानशिननं 85 जिंकल्या, 53 हरल्या, 5 टाय, आणि हा लीग एकतर्फी जिंकलेल्या टीमचा रेकॉर्ड आहे, म्हणजे चॅम्पियन टीमसुद्धा 53 वेळा मान खाली घालून ड्रेसिंग रूममध्ये गेलीय. हे पचलं नाही तर बेसबॉलचा सीझन माणसाला झेपत नाही.

टीम जिंकते कशी ते ओळखायला शिका

इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण खरी मजा इथेच आहे. नवीन माणूस होमरन शोधतो. 2023 च्या हानशिननं अख्ख्या सीझनमध्ये 84 होमरन मारले, लीगमध्ये पाचवा नंबर, आणि तरी रन सगळ्यात जास्त, 555. कसे? वॉकनी. पिचरनं चार बॉल स्ट्राइक झोनच्या बाहेर टाकले आणि बॅटरनं बॅट हलवली नाही की त्याला फुकटात फर्स्ट बेस मिळतो. क्रिकेटमध्ये वाइडचे रन कोणाच्या लक्षात राहत नाहीत तसंच हे पण कोणाच्या लक्षात राहत नाही, पण त्या वर्षी हानशिनचे 494 वॉक होते, लीगमध्ये सगळ्यात जास्त, आणि हे आपोआप झालेलं नव्हतं. मॅनेजर ओकादा आकिनोबु (1985 च्या त्या तीन होमरनमधला तिसरा हाच माणूस) यांनी टीमच्या मॅनेजमेंटला सांगून खेळाडूंचा पगार ठरवताना वॉकला जास्त पॉइंट द्यायला लावले. झालं, मुलं बॉल सोडायला शिकली. चौथ्या नंबरचा ओयामा युसुके, ज्याच्याकडून सगळे मोठ्या फटक्याची अपेक्षा करतात, त्यानं 99 वॉक घेतले. याच ओयामाचं नाव 2016 च्या ड्राफ्टमध्ये (टीम्स नवीन खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) पहिलं पुकारलं तेव्हा हॉलमधल्या फॅन्समधून निराशेचा आवाज उठला होता, आणि 2023 ला तो सगळ्याच्या सगळ्या मॅच चौथ्या नंबरवर खेळला. मला ओयामाबद्दल जेवढा आदर आहे तेवढा टीममधल्या कोणाबद्दल नाही.

तर मॅच बघताना हे करा: प्रत्येक बॅटरनं समोरच्या पिचरला किती बॉल टाकायला लावले ते मोजा. स्क्रीनवर आकडा असतोच. पाचव्या इनिंगपर्यंत समोरचा पिचर 90 च्या पुढे गेला असेल आणि स्कोर 0-0 असेल तर घाबरू नका, ती मॅच बहुतेक वेळा आपल्याकडे झुकलेली असते, कारण आता त्यांचा बुलपेन म्हणजे बदली पिचर लवकर येणार.

दुसरी गोष्ट, फिल्डिंगच्या जागा. ओकादांनी आल्या आल्या जागा पक्क्या करून टाकल्या, शॉर्टस्टॉपला, म्हणजे सेकंड आणि थर्ड बेसच्या मधे, खेळणारा नाकानो ताकुमु सेकंड बेसला, शॉर्टला किनामी सेइया, ओयामा फर्स्टला, सातो तेरुआकी थर्डला, मधे सेंटरला चिकामोतो कोजी. रोज इकडून तिकडे हलवाहलवी बंद. त्याचा परिणाम डबल प्लेमध्ये दिसतो, किनामीनं बॉल उचलला, नाकानोकडे टाकला, नाकानोनं वळून ओयामाकडे, दोन आउट, आणि तुम्हाला वाटतं काही विशेष झालंच नाही. हेच विशेष आहे.

तिसरी गोष्ट पिचिंग, आणि याच्यासाठी एक मॅच सांगतो. 12 एप्रिल 2023, टोकियो डोम, समोर जायंट्स, म्हणजे हानशिनचा पिढ्यानपिढ्यांचा वैरी. पिचर मुराकामी शोकी, ज्याच्या नावावर त्या दिवसापर्यंत फर्स्ट टीममध्ये एकही विजय नव्हता. त्यानं 7 इनिंग टाकल्या आणि एकही माणूस बेसवर जाऊ दिला नाही. एकही नाही, 21 बॅटर, 21 आउट, 84 बॉलमध्ये. लीड फक्त 1-0. आणि आठव्या इनिंगला ओकादांनी त्याच्या जागी पिंच हिटर म्हणजे बदली बॅटर पाठवला, म्हणजे परफेक्ट गेम चालू असताना पिचर बाहेर! त्याच इनिंगच्या दुसऱ्या अर्ध्यात जायंट्सच्या ओकामोतोनं होमरन मारून बरोबरी केली, आणि मग दहाव्या इनिंगला चिकामोतोच्या हिटवर 2-1 नी जिंकलो. मुराकामीला त्या मॅचचा विजय मिळाला नाही. पण टीमला एक पिचर मिळाला, सीझनच्या शेवटी त्याचा ईआरए (फिल्डिंगच्या चुका सोडून नऊ इनिंगमागे दिलेले सरासरी रन) 1.75, लीगमध्ये सगळ्यात कमी, आणि एमव्हीपी पण तोच, रुकी ऑफ द इयर पण तोच. ही मॅच ज्यानं एप्रिलमध्ये लाइव्ह बघितली त्याला अख्ख्या वर्षाची चाहूल तिथेच लागली. म्हणून म्हणतो एप्रिल सोडू नका.

असाच ओताके कोतारो. 2022 च्या डिसेंबरमध्ये पहिल्यांदाच एक वेगळा ड्राफ्ट झाला ज्यात दुसऱ्या टीममध्ये संधी न मिळणारे खेळाडू घेता येतात, त्यातून तो सॉफ्टबँककडून आला आणि 12 जिंकला, 2 हरला. मोठ्या सह्या, मोठे परदेशी खेळाडू यांच्या बातम्यांमागे धावू नका, हिवाळ्यातल्या अशा छोट्या बातम्यांवर लक्ष ठेवा.

वहीत स्कोर लिहा

खरंच लिहा. फोन बाजूला ठेवून. जागांना नंबर असतात, पिचर 1, कॅचर 2, फर्स्ट 3, सेकंड 4, थर्ड 5, शॉर्ट 6, लेफ्ट 7, सेंटर 8, राइट 9. वर सांगितलेला तो डबल प्ले वहीत 6-4-3 असा लिहायचा, बस. वॉकसाठी बी, स्ट्राइकआउटसाठी के. जपानी स्कोरबुकमध्ये प्रत्येक बॅटरसाठी एक चौकोन आणि त्यात चार कोपरे असतात, खाली उजवीकडचा कोपरा फर्स्ट बेस आणि तिथून उलट्या घड्याळासारखं फिरत घरी. सुरुवातीला गोंधळ होतो, तीन-चार मॅचनंतर हात आपोआप चालतो. फायदा असा की महिन्याभरानं वही चाळली तर लक्षात येतं की अरे, किनामी आठव्या नंबरवर सतत बेसवर जातोय, त्याच्यामागे पिचर बंट करून (बॅट नुसती आडवी धरून बॉल जवळच पाडून) त्याला पुढे सरकवतोय आणि मग चिकामोतो येतोय. सेंट्रल लीगमध्ये पिचर स्वतः बॅटिंग करायचा म्हणून आठव्या नंबरला एवढं महत्त्व होतं, 2027 पासून सेंट्रलमध्येपण डीएच येतोय म्हणजे पिचरच्या जागी वेगळा बॅटर, तेव्हा हे गणित बदलेल. त्याआधी जेवढ्या मॅच अशा बघायला मिळतील तेवढ्या बघून घ्या.

टेबल वाचायचं कसं

टेबल पॉइंटवर नाही, विजयाच्या टक्केवारीवर चालतं, आणि टाय त्यात मोजत नाहीत. म्हणजे 2023 चं 85 भागिले 138, येतात .616. गेमचा फरक काढायचा असेल तर दोन टीमच्या विजयांमधला फरक आणि पराभवांमधला फरक यांची बेरीज करून अर्धी करायची. हानशिन 85-53, दुसरे हिरोशिमा 74-65, म्हणजे 11 अधिक 12, त्याचे अर्धे साडेअकरा. साडेअकरा गेमनी लीग जिंकली! हे गणित रोज रात्री करायला जी मजा येते ती आयत्या आकड्यात नाही.

ऑगस्टच्या आसपास मॅजिक हा प्रकार सुरू होतो. बाकी सगळ्या टीम्सची स्वतःच्या जोरावर पहिलं येण्याची शक्यता संपली की पहिल्या टीमचं मॅजिक लागतं. मॅजिक 5 म्हणजे आपण अजून 5 जिंकलो की समोरच्यानं उरलेल्या सगळ्या जिंकल्या तरी उपयोग नाही. आपण जिंकलो की एक कमी, तो हरला की पण एक कमी, दोन्ही एकाच दिवशी झालं तर दोन कमी. 2023 ला 16 ऑगस्टला मॅजिक 29 लागलं. त्या दिवसापासून दोन मॅच बघायच्या, आपली आणि दुसऱ्या नंबरच्या टीमची, त्याशिवाय झोप लागत नाही. एक लक्षात घ्या, मॅजिक लागून परत जाऊ पण शकतं, त्यामुळे लागल्या दिवशी नाचायला लागू नका.

जूनचा खड्डा आणि ऑगस्टची लांब वाट

मे 2023 ला हानशिन 19 जिंकले आणि फक्त 5 हरले, सगळे हवेत. आणि मग दुसऱ्या लीगबरोबरच्या मॅचमध्ये जिंकल्यापेक्षा हरल्या जास्त. अशा वेळी नवीन फॅन पळतात. तुम्ही पळू नका, फक्त एक बघा, पिचिंग कोसळलंय का फक्त हिट मिळत नाहीयेत? पिचिंग टिकून असेल तर टीम परत येते. त्या वर्षी टीमचा ईआरए 2.66 होता, लीगमध्ये सर्वात चांगला, आणि टीम परत आली.

ऑगस्टमध्ये कोशिएन शाळकरी मुलांच्या देशपातळीवरच्या स्पर्धेला दिलं जातं, म्हणजे हानशिनला स्वतःचं घर सोडून हॉटेल-ट्रेन-हॉटेल करत फिरावं लागतं. आधी याच प्रवासात टीमचा जीव जायचा, त्यामुळे जुने फॅन ऑगस्ट आला की गप्प होतात. 2023 ला याच ऑगस्टमध्ये लागोपाठ 10 जिंकल्या. मधेच 13 तारखेला मुख्य कॅचर उमेनोला बॉल लागून मनगटाजवळ फ्रॅक्चर, सीझन संपला त्याचा, आणि साकामोतो सेइशिरोनं येऊन शेवटपर्यंत ती जागा सांभाळली. दोन कॅचरवर वर्षभर विश्वास ठेवल्याचं फळ ते.

कोशिएनला जायचं तर

स्टेडियम ओसाकात नाही, ह्योगो प्रांतातल्या निशिनोमियाला आहे. ओसाका-उमेदाहून हानशिन लाइनची लिमिटेड एक्सप्रेस पकडली की पाव तासाच्या आत कोशिएन स्टेशन, कोबे-सान्नोमियाहून साधारण 20 मिनिटं. कुठे उतरायचं हे विचारावं लागत नाही, पिवळे-काळे शर्ट जिकडे उतरतील तिकडे उतरा. 1924 ला उघडलेलं ग्राउंड, बाहेरच्या भिंतींवर वेली चढलेल्या, इनफिल्ड पूर्ण काळ्या मातीचं आणि आउटफिल्डला खरं गवत. मॅचच्या आधी ग्राउंड्समन पाणी मारतात आणि ती माती गडद होते तेव्हा वेळेत आत बसलेलं असायला हवं, गर्दीत उशीर करू नका.

तिकिटं हा मोठा विषय आहे. सीझनची तिकिटं वसंतातच विकायला काढतात आणि टीम जिंकत असेल तर वीकेंड आणि जायंट्सच्या मॅच लगेच संपतात. फॅन क्लबचं मेंबर झालात तर आधी विकत घेता येतात. नाही मिळाली तर अधिकृत रीसेलवर लक्ष ठेवा, लोक शेवटच्या दिवसांत सोडतात. स्टेशनबाहेर किंवा ऑनलाइन दुप्पट-तिप्पट पैसे मागणाऱ्याकडून अजिबात घेऊ नका, जून 2019 पासून जपानमध्ये त्यावर कायदा आहे, आणि खऱ्या फॅनचं तिकीट त्यामुळे जातं हे वेगळंच. अजून एक सोपा उपाय, मंगळवार-बुधवारची मॅच बघा. किंवा टीमच्या मागे बाहेरगावी जा, टोकियोच्या जिंगु स्टेडियमला किंवा योकोहामाला हानशिनचे इतके फॅन असतात की घरचं कोण आणि बाहेरचं कोण कळत नाही.

बसायचं कुठे? ओरडायचं असेल तर राइट आउटफिल्ड, ढोल-ट्रम्पेटवाले तिथे असतात. तिथे बसून शांतपणे मॅच बघता येणार नाही, उभं राहावं लागतं, प्रत्येक बॅटरचं वेगळं गाणं असतं आणि आजूबाजूच्या सगळ्यांना ते पाठ असतं. घरी दोन-तीन गाणी ऐकून जा, चिकामोतो, ओयामा आणि सातोची आली तरी पुष्कळ. आपली टीम बॅटिंग करत असतानाच गायचं, समोरची टीम बॅटिंगला आली की आपण बसायचं, तेव्हा त्यांचे लोक गातात, हा नियम सगळे पाळतात आणि तो फार चांगला आहे. ज्यांना खेळ बघायचाय त्यांनी फर्स्ट बेसच्या बाजूला इनफिल्डमध्ये बसावं, हानशिनचा डगआउट त्याच बाजूला आहे. दुसऱ्या टीमचा शर्ट घालून हानशिनच्या सेक्शनमध्ये जायचं नाही, पाहुण्यांसाठी लेफ्टला छोटा भाग ठेवलेला असतो.

खाण्यात कोशिएन करी घ्या, ग्राउंड उघडलं तेव्हापासून मिळतेय. छत फक्त इनफिल्डच्या सीटवर आहे, त्यामुळे रेनकोट न्या, छत्री उघडता येत नाही. जुलैमध्ये दुपारच्या मॅचला टोपी आणि भरपूर पाणी.

वाऱ्याकडे पण बघा. समुद्राकडून येणारा वारा राइटकडून लेफ्टकडे वाहतो आणि डावखुऱ्या बॅटरचा राइटला गेलेला उंच बॉल तोच वारा आत ढकलतो. त्यात 1991 पर्यंत कुंपण आत घेऊन केलेली सोपी होमरनची पट्टी होती ती काढून टाकली. म्हणून डावखुऱ्या सातोनं 2025 ला 40 होमरन आणि 102 आरबीआय (आपल्या बॅटिंगवर टीमला मिळवून दिलेले रन) करून दोन्हीत लीगमध्ये पहिला नंबर मिळवला तेव्हा मी हात जोडले. हे घरचं ग्राउंड असताना 40!

जिंकल्यावर सगळं स्टेडियम उभं राहून टीमचं गाणं म्हणतं, रोक्को ओरोशी, 1936 चं, संगीत कोसेकी युजींचं. शब्द आधी पाठ करून जा. चुकलात तरी चालेल, शेजारचे आजोबा सांभाळून घेतात, पण तोंड मिटून उभं राहू नका.

घरून बघणाऱ्यांसाठी थोडक्यात: जपानमध्ये असाल तर कानसाईत म्हणजे ओसाका-कोबेच्या भागात सन टीव्ही मॅच शेवटपर्यंत दाखवण्यासाठी प्रसिद्ध आहे, सॅटेलाइटवर गाओरा आणि स्काय ए. जपानबाहेर असाल तर हायलाइट्स आणि एनपीबीच्या (जपानच्या व्यावसायिक बेसबॉलच्या) अधिकृत साइटवरचा स्कोर, तिथे इंग्रजी पानं पण आहेत. कोबेचा डेली स्पोर्ट्स हा पेपर पहिल्या पानावर हानशिनच छापतो, फोटोसाठी तरी बघा.

लीग जिंकण्याची रात्र

14 सप्टेंबर 2023, कोशिएन, समोर जायंट्स, मॅजिक 1. लागोपाठ 10 जिंकून आलेली टीम. सहाव्या इनिंगला ओयामाच्या सॅक्रिफाइस फ्लायनं (कॅच झाला तरी थर्डवरचा माणूस घरी येतो असा फटका) पहिला रन आणि लगेच सातोचा दोन रनचा होमरन. शेवटी 4-3. नवव्या इनिंगला क्लोजर म्हणजे मॅच संपवायला येणारा पिचर इवाझाकी सुगुरु आला तो नेहमीच्या गाण्यावर नाही. त्याच्याच वर्षी टीममध्ये आलेला योकोता शिंतारो, ज्याला 2017 ला ब्रेन ट्यूमर झाला, 2019 ला खेळ सोडावा लागला आणि 18 जुलै 2023 ला वयाच्या 28 व्या वर्षी गेला, त्याच्या गाण्यावर इवाझाकी धावत आला आणि अख्खं स्टेडियम ते गात होतं. मग मॅनेजरला हवेत उडवलं, नंतर इवाझाकीला उडवलं तेव्हा त्याच्या हातात योकोताचा 24 नंबरचा शर्ट होता.

अशी रात्र बघायची असेल तर तिकिटाच्या मागे लागू नका, कारण ती रात्र कुठल्या ग्राउंडवर येईल हे कोणालाच माहीत नसतं. मॅजिक 4-5 वर आलं की पुढच्या सगळ्या संध्याकाळी मोकळ्या ठेवा. 2025 ला, फुजिकावा क्युजी मॅनेजर असताना, हानशिननं 7 सप्टेंबरलाच लीग जिंकली, जपानच्या इतिहासात इतक्या लवकर कोणीच जिंकली नव्हती, आणि सप्टेंबरच्या मध्यावर डोळा ठेवून बसलेल्यांची ती रात्र हुकली.

आणि दोतोंबोरीच्या नदीत उड्या मारायला जाऊ नका. 1985 ला फॅन्सनी केएफसीच्या बाहेरचा कर्नल सँडर्सचा पुतळा त्यात टाकला, तो 2009 ला सापडला, हे सगळे हसत सांगतात, पण 2003 ला त्या नदीत एक तरुण मेला आहे. पूल, पोलीस, गर्दी, सगळं लांबून टीव्हीवर बघा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेशनवरच्या स्टॉलवरून पेपर घ्या, दहाच्या आत. नंतर मिळत नाहीत. उमेदाच्या हानशिन डिपार्टमेंट स्टोअरमध्ये विजयाचा सेल लागतो, तिथे रांग मोठी असते पण रांगेतल्या गप्पा फार छान.

ऑक्टोबर वेगळा खेळ आहे

लीग जिंकली म्हणजे जपान सीरिज मिळाली असं नाही. मधे क्लायमॅक्स सीरिज असते, दुसरे आणि तिसरे आधी खेळतात, त्यातला विजेता पहिल्याबरोबर. 2023 ला पहिल्या टीमला एक विजय आधीच मिळायचा आणि सगळ्या मॅच तिच्याच घरी, 4 विजय आधी करणारा पुढे. हानशिननं हिरोशिमाला तीन मॅचमध्येच संपवलं. तरीसुद्धा इथे धाकधूक असतेच, कारण 143 मॅचची मेहनत एका आठवड्यात जाऊ शकते.

मग जपान सीरिज, समोर ऑरिक्स बफेलोज, दोन्ही टीम कानसाईच्या, 1964 नंतर पहिल्यांदाच असं झालं. पहिली मॅच यामामोतो योशिनोबुसारख्या पिचरविरुद्ध 8-0 नी जिंकली, दुसरी 8-0 नीच हरली, तिसरी पण हरली. चौथी मॅच, 1 नोव्हेंबर, कोशिएन. ही मॅच मिळेल तिथून शोधून बघाच. स्कोर 3-3, आठवी इनिंग, दोन आउट, ऑरिक्सची माणसं फर्स्ट आणि थर्डवर. ओकादा बाहेर येऊन पिचर बदलतात आणि अनाउन्सर नाव घेते, युआसा. युआसा आत्सुकीनं जूनच्या मध्यापासून फर्स्ट टीमसाठी एकही बॉल टाकलेला नव्हता. नाव ऐकल्यावर जो आवाज उठला तो टीव्हीचा आवाज कमी करूनसुद्धा कळतो. त्यानं एक बॉल टाकला. एकच. बॅटरचा फटका सेकंड बेसच्या डोक्यावर उंच उडाला, नाकानोनं धरला, इनिंग संपली. आणि नवव्या इनिंगला काय झालं बघा, चिकामोतोला वॉक, दोन वाइल्ड पिचवर (कॅचरला न धरता आलेले भरकटलेले बॉल) तो थर्डला, मग ऑरिक्सनं नाकानो आणि मोरिशिताला मुद्दाम वॉक देऊन बेस भरले, आणि ओयामानं लेफ्टला हिट मारून मॅच संपवली. 4-3. वर्षभर जे शिकवलं, बॉल सोडायचा, बेसवर जायचं, तेच शेवटच्या इनिंगला कामी आलं. ज्यांनी एप्रिलपासून वॉक मोजले होते त्यांनी चिकामोतो फर्स्टकडे निघाला तेव्हाच ओळखलं.

पाचवी 6-2 नी जिंकली, सहाव्या मॅचला यामामोतोनं 14 स्ट्राइकआउट काढून आपल्याला 5-1 नी हरवलं, आणि 5 नोव्हेंबरला क्योसेरा डोममध्ये सातवी मॅच 7-1. नोइझीचा तीन रनचा होमरन त्यातला. 38 वर्षांनी जपान सीरिज! एमव्हीपी चिकामोतो.

नंतर

23 नोव्हेंबरला परेड झाली, हानशिन आणि ऑरिक्स दोघांची, ओसाकाच्या मिदोसुजी रस्त्यावर आणि कोबेच्या सान्नोमियाला, एका दिवसात दोन्ही शहरं. अशा परेडला जाणार असाल तर सकाळी लवकर जा, लहान मुलांना पुढे बसवा आणि परतीची ट्रेन पुढच्या स्टेशनवरून पकडा, जवळच्या स्टेशनात शिरायलाच तास जातो.

परेड संपल्यावर सुट्टी समजू नका. ड्राफ्टमध्ये घेतलेल्या मुलांची नावं याच काळात वहीत उतरवून ठेवा, फॅन क्लबची मेंबरशिप नवी करा, आणि डिसेंबरमध्ये पगाराच्या बातम्या वाचा, कोणाचा किती वाढला त्यावरून टीम काय किंमत देते ते कळतं. 1 फेब्रुवारीला कॅम्प सुरू होतो, फर्स्ट टीमचा ओकिनावाच्या गिनोझाला. जमलं तर जा, बुलपेनच्या जवळ उभं राहून कॅचरच्या मिटमध्ये बॉल बसतो तो आवाज ऐका. तेवढं लांब जमत नसेल तर 2025 पासून सेकंड टीमचं ग्राउंड आमागासाकीला आलंय, हानशिन लाइनवरचं दाइमोत्सु स्टेशन, कोशिएनच्या अलीकडेच. मुराकामीसुद्धा तो टोकियो डोमचा दिवस उगवायच्या आधी सेकंड टीममध्येच घासत होता, तेव्हा पुढचा मुराकामी बघायचा असेल तर वही घेऊन तिथे जाऊन बसा.